सोमवारची गल

भावजींनी पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांना स्वतःचं घर नव्हतं, म्हणून चषक आमच्या खोलीत आला. चांगला हातभर उंच, दोन कानांचा, पोटावर नाव कोरलेला. आमच्या ह्यांनी तो खिडकीत ठेवला, दोन दिवस त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यात गवत कापायच्या मशिनचे स्क्रू ओतले.

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

"रिकामं भांडं बरं दिसत नाही," हे म्हणाले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गोल्फ खेळणं हाच त्यांचा धंदा. गावोगावच्या स्पर्धा खेळायच्या, जिंकायच्या आणि त्यावर घर चालवायचं. हे म्हणजे माझे यजमान, भावजींचे थोरले भाऊ. हे गोल्फच्या मैदानावर हिरवळ राखतात. एकाच बापाचे दोन मुलगे, एकाच गवतावर रांगलेले. धाकटा त्या गवतावरून चालला की लोक टाळ्या वाजवतात. थोरला चालला की लोक म्हणतात, "अहो, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय." आमच्या घरात कधी साखर संपली, कधी मीठ संपलं, पण पोटदुखी म्हणून कधी संपली नाही. ती एकट्या ह्यांचीच होती असंही समजू नका. ह्यांचं दुखायचं ते भावाच्या नावाने, माझं दुखायचं ते जावेच्या नावाने, आणि माझं जरा जास्तच दुखायचं.

ह्यांचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गोल्फच्या मैदानात ठिकठिकाणी अगदी बारीक कापलेली, गालिच्यासारखी हिरवळ असते. तिला ग्रीन म्हणतात. प्रत्येक ग्रीनवर एक लहानसं भोक असतं, त्यात झेंडा रोवलेला असतो आणि चेंडू शेवटी तिथे जायला हवा. साहेब लोक त्याला होल म्हणतात. मशिनच्या शेडमधले आम्ही सगळे त्याला गल म्हणतो, पोरं गोट्या खेळताना जमिनीत करतात तीच गल. आता गल रोज एकाच जागी ठेवली तर लोकांच्या पायांनी तिथलं गवत मरतं. म्हणून दर पहाटे ती हलवावी लागते. हे एक लोखंडी नळकांडं जमिनीत फिरवून दाबतात, गवतासकट मातीचा गोल तुकडा उचलतात, नव्या गलीत पत्र्याची डबी बसवतात, आणि तो तुकडा कालच्या गलीत ठेवून पायाने असा दाबतात की दुपारपर्यंत तिथे गल होती हे कुणाला सांगूनही पटू नये.

"गली मी पाडायच्या, चेंडू त्याने टाकायचा," हे म्हणायचे. "आणि टाळ्या? त्या काय मशिनला?"

माझे सासरेही ह्याच मैदानावर हेच काम करायचे. मशिनच्या शेडमागे कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातल्या दोन खोल्यांत दोघं भाऊ वाढले आणि त्याच दोन खोल्यांत आज मी राहते. सोमवारी मैदान बंद. त्या दिवशी सासरे शेवटच्या ग्रीनवरची गल खालच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचे. चांगल्या जागेला तेवढीच विश्रांती. त्या कोपऱ्यात एरवी कुणी गल ठेवत नसे, कारण तिथली जमीन फसवी. ती सोमवारची गल. संध्याकाळी कामगारांच्या पोरांना तिथे खेळायची मुभा होती.

दोघा भावांत मिळून एक पटर होता, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायची काठी. सासऱ्यांनी ती करवतीने आखूड करून दिली होती. ग्रीनच्या वरच्या कडेवर चेंडू ठेवायचा आणि उतारावरून खाली सोडायचा. आता ती सगळी हिरवळ डावीकडे झुकलेली. म्हणून डोळा सांगतो, चेंडू गलीच्या उजवीकडे मार, तो आपोआप डावीकडे वळत येईल. पण त्या कोपऱ्याखालून पाणी जाणारी एक जुनी नळी आहे. तिच्यावरची माती दबली आहे, इतकी थोडी की दिसत नाही, आणि चेंडू गलीजवळ आला की तो डावीकडे न वळता उजवीकडे सरकतो. म्हणजे मारायला हवं डावीकडे. सासऱ्यांनी ही गोष्ट थोरल्याला सांगितली होती, कारण पुढे हिरवळ त्याला सांभाळायची होती. धाकट्याला नव्हती सांगितली. म्हणून धाकटा दर सोमवारी उजवीकडे मारायचा आणि दर सोमवारी हरायचा.

माझे वडील तिथेच मशिनचे मेकॅनिक. माझ्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा सासऱ्यांचे दोन्ही मुलगे लग्नाचे होते, दोघांत वर्षभराचंच अंतर. वडील म्हणाले, तुझी तू बघ बाई, मागून माझ्या नावाने बोटं मोडू नकोस. एका सोमवारी मी त्यांचा चहा घेऊन शेडवर गेले आणि उलट्या खोक्यावर बसून ह्या दोघांचा खेळ पाहिला. थोरल्याने डावामागून डाव मारला. धाकटा प्रत्येक वेळी चुकायचा, डोकं खाजवायचा आणि हसायचा.

"थोरला पुढे जाईल," वडील म्हणाले. "धाकटा मऊ आहे. हरून हसतो."

मला हरून हसणारा नवरा नको होता. मी थोरल्याला हो म्हटलं.

आणि आमचं लग्न झालं त्याच वर्षी धाकट्याने उठून व्यावसायिक गोल्फपटू होतो म्हणून सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पहिली काही वर्षं आम्हाला हसायला भरपूर मिळालंही. ह्या स्पर्धा चार दिवस चालतात. दोन दिवस झाले की मागे पडलेल्या अर्ध्या लोकांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. भावजी दर शुक्रवारी फोन करायचे, "दादा, कट चुकला रे." त्या संध्याकाळी आमचे हे इतके गोड व्हायचे की काय सांगू. "अरे, होतं असं. खचायचं नाही. जेवलास का?" आणि फोन ठेवला की शीळ. दुसऱ्याच्या दुःखात सामील व्हायला ह्यांच्यासारखा माणूस नाही.

मग तो दोन कानांचा चषक आला आणि शीळ थांबली.

दुसरी स्पर्धा भावजींनी समुद्रकाठच्या मैदानावर जिंकली. असला वारा होता म्हणे की झेंडे आडवे. शेवटच्या दिवशी पुढे असलेले सगळे एकामागून एक चेंडू पाण्यात घालत गेले, आणि भावजी मात्र बैलासारखे मान खाली घालून सरळ चालत राहिले. "बाकीचे बुडाले म्हणून हा तरंगला," हे म्हणाले. तिसरी स्पर्धा टीव्हीवर दाखवली. बरोबरी झाली होती, तेव्हा निकाल लागेपर्यंत दोघांनी पुन्हा पुन्हा खेळायचं. शेड सगळी आमच्या खोलीत गोळा झालेली, मशिन चालवणारे बायकापोरांसह जमिनीवर बसलेले. भावजी निर्णायक फटक्यासाठी वाकले आणि ह्यांनी हवामानाचा अंदाज लावला.

"अहो!" सगळे ओरडले.

"उद्या पाणी घालायचं की नाही ते बघायला नको?" हे म्हणाले. पुन्हा खेळ लागेपर्यंत लोकांनी भावजींना खांद्यावर घेतलं होतं.

तेवढ्यात भावजींचं लग्न झालं. माझी जाऊ स्वभावाने वाईट नाही, हेच तिचं मला सगळ्यात खटकतं. भांडायला काही सापडतच नाही. चौथी स्पर्धा परदेशात जिंकून आले तेव्हा ती माझ्यासाठी हॉटेलातल्या शाम्पूच्या छोट्या बाटल्या घेऊन आली. "ताई, वास बघा किती छान!" वास छान होता. मी क्लबच्या धोबीखोलीत टॉवेल धुते आणि इस्त्री करते, दिवसभर माझ्या हातांना साबणाचाच वास असतो, आणि ही मला साबण आणून देते. तिच्या अंगावर मऊ राखाडी कोट होता. मी सहज म्हणून बाहीला हात लावला आणि तो हात मला मागे घेववेना. त्या दिवशी मी टॉवेलच्या चवडीवर अशी इस्त्री फिरवली की दोन टॉवेल करपले.

मधे भावजींचा खांदा दुखावला. दोन वर्षं एकही चषक नाही. माणसाने असं बोलू नये, पण आमच्या घरातली ती सुखाची वर्षं. हे भाजी आणायला स्वतः जायचे. मग खांदा बरा झाला, पाचवी स्पर्धा जिंकली आणि पेपरात आलं की शेवटच्या फटक्याला ज्याचा हात थरथरत नाही असा हा खेळाडू. हे पेपर घडी करून मशिनखाली तेल टिपायला ठेवून आले.

पण एक गोष्ट ह्यांची होती आणि ती कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. "बारक्या जगाला हरवू दे," हे म्हणायचे, घरात भावजींना सगळे बारक्याच म्हणतात, "सोमवारच्या गलीवर तो मला एकदाही हरवू शकलेला नाही. विचारा त्याला." हे वाक्य शेडमधल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकावं लागे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने ऐकलंय. दाढ काढताना दातांच्या डॉक्टरने ऐकलंय, तेही तोंडात हत्यार असताना. आणि मी? मी चारचौघींत जावेच्या कोटाचं कौतुक ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, असू दे, तिच्या नवऱ्याला हरवणारा माणूस माझ्या घरात आहे. त्यावर माझा दिवस निघायचा.

आणि मग ती मोठी स्पर्धा आमच्याच मैदानावर आली.

खोटं कशाला बोलू, मला भावजी हरायला हवे होते. कुठेही जिंकोत, पण आमच्या दारात नको. माझे टॉवेल, ह्यांचं गवत, आणि वर चषक त्यांचा? हे तर बोलतही नव्हते, फक्त काम करत होते. त्या चार दिवसांत ह्यांनी गवताचा एक तुरा वाकडा राहू दिला नाही. टीव्हीवाले म्हणाले, अशी हिरवळ कुठे पाहिली नाही. हिरवळीचं कौतुक केलं, राखणाऱ्याचं नाव घ्यायचं राहिलं.

तीन दिवस संपले तेव्हा भावजी आणि एक दाढीवाला खेळाडू असे दोघं बरोबरीने पुढे होते. शेवटच्या दिवशीची गल कुठे हवी ते स्पर्धेचे साहेब ठरवतात. शेवटच्या ग्रीनवर त्यांनी खुणेने जी जागा ठरवली होती, तिथे रात्री पाण्याचा फवारा गळून चिखल झाला होता. साहेबांनी ह्यांना विचारलं, "दुसरी जागा आहे का एखादी?"

हे एवढं ऐकायलाच थांबले होते जणू. "आहे ना साहेब," म्हणाले. "खालचा डावा कोपरा. वापर नसल्यामुळे गवत एकदम ताजं आहे."

साहेबांनी तिथे चेंडू टाकून पाहिले, चुकले, हसले. "अवघड आहे. पण सगळ्यांनाच अवघड. चालेल."

माझ्या धोबीखोलीची खिडकी त्या ग्रीनवर उघडते. मी ह्यांना गल पाडताना पाहिलं. नळकांडं फिरवताना, मातीचा तुकडा उचलताना, डबी बसवताना, कडेला पांढरा रंग देताना ह्यांचा हात इतका हळू चालला होता की वाटावं, नवरदेवाला सजवतायत. काम झाल्यावर खिडकीशी आले.

"आता बघ," म्हणाले.

"अहो, पण भाऊ आहे तुमचा," मी म्हटलं. म्हणायचं म्हणून म्हटलं.

"मी काय खोटं केलंय? साहेबांनी पसंत केलेली जागा आहे. खेळून दाखव म्हणावं."

दुपारपर्यंत मी किती टॉवेल इस्त्री केले मला आठवत नाही. बाहेरून लोकांचा आवाज जवळ येत गेला आणि दोघं शेवटच्या ग्रीनवर पोचले. अजून बरोबरीच. मी इस्त्रीचा प्लग काढला आणि बाहेर येऊन दोरीपाशी ह्यांच्याशेजारी उभी राहिले. ह्यांनी हाताची घडी घातली होती.

दाढीवाला आधी खेळला. चारही बाजूंनी फिरला, पोटावर झोपून बघितलं, मदतनिसाशी कुजबुजला आणि गलीच्या उजवीकडे मारला. चेंडू खाली आला, सगळे श्वास धरून, आता वळेल, आता वळेल, आणि तो उजवीकडे सरकून गेला तो गेलाच. पुढच्या फटक्यात त्याने तो कसाबसा आत टाकला.

आता भावजींनी एका फटक्यात टाकला तर जिंकले, नाहीतर पुन्हा सगळं नव्याने. त्यांचा चेंडू कुठे होता? ग्रीनच्या वरच्या कडेवर. लहानपणी ठेवायचे तिथेच, वीतभर इकडे की तिकडे.

"उजवीकडे मारणार," हे माझ्या कानात म्हणाले. "बघ तू. जन्मात कधी डावीकडे मारला नाही त्याने." ह्यांचे डोळे असे चमकत होते, तसे मी लग्नातही पाहिले नव्हते.

भावजींनी झेंडा पाहिला. मग गर्दीवरून नजर फिरवली आणि ती ह्यांच्यावर येऊन थांबली. क्षणभर. आणि हसले, तसेच, डोकं खाजवत. ह्यांनी मान वळवली. भावजींचा मदतनीस उजवीकडे बोट दाखवत होता. भावजींनी मान हलवली, त्याला बाजूला केलं, ना फिरले ना वाकून पाहिलं, आणि चेंडूपाशी पाय रोवून उभे राहिले.

पाय डावीकडे होते.

लोकांत कुजबुज झाली, हा मारतोय कुठे? कुणीतरी हसलंसुद्धा. आमच्या ह्यांची हाताची घडी सुटली. "अरे..." एवढंच म्हणाले. चेंडू अजून हललाही नव्हता, पण ह्यांना कळलं होतं. मग तो निघाला, सावकाश, गलीच्या बराच डावीकडून खाली येत राहिला, आणि नळीच्या वर आल्यावर, पाहुणा ओळखीच्या दाराशी वळतो तसा उजवीकडे वळून आत पडला. डबीचा आवाज मला ऐकू आला. त्यानंतर इतका गोंगाट झाला की दुसरं काही ऐकूच आलं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गलीकडे पाहत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

बक्षिसं झाली, फोटो झाले. संध्याकाळ व्हायच्या आत भावजी आणि जाऊ आमच्या खोलीवर आले. क्लबात मोठी मेजवानी होती, पण भावजी म्हणाले, "आज वहिनींच्या हातचं जेवायचं." नवा चषक त्यांनी टेबलावर ठेवला. खिडकीतला जुना पाहिला, आत डोकावले आणि म्हणाले, "अजून स्क्रूच?" आणि खोखो हसले. मला त्या हसण्याचा असा राग आला! मी ताटं वाढली. हे बाहेर पायरीवर बसून नळकांड्याला तेल लावत होते.

"अहो, चला," मी दारातून म्हटलं.

"तुम्ही जेवा. मला भूक नाही."

भावजींनी चमचा उचलला होता, तो ठेवला आणि उठून बाहेर गेले. दार उघडंच होतं, जाऊ आणि मी सगळं ऐकत होतो.

"तुला नळी माहीत होती?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"बाबांनी सांगितली?"

"छे. तू डावीकडे मारायचास ते दिसायचं की, दादा. मी काय आंधळा होतो?"

ह्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "मग उजवीकडे का मारायचास?"

भावजी ह्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. मग म्हणाले, "तू हरलास की जेवायचा नाहीस. आठवतंय? कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचास. तू जेवला नाहीस की आई ताटाला हात लावायची नाही. आणि तुम्ही दोघं उपाशी बसलात की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला भूक लागायची रे. लहान होतो मी."

"आणि मोठा झाल्यावर?"

"मोठा झाल्यावर... सवय झाली होती."

मला वाटलं, आता हे त्यांच्या अंगावर धावून जातात. मीच गेले असते. माणसाचं घर लुटावं, शेत लुटावं, पण ह्या माणसाने ह्यांचं एकुलतं एक वाक्य लुटलं होतं, आणि तेही आधी स्वतःच देऊन. हे उठले. हातातलं नळकांडं भिंतीला टेकवलं.

"पटर घेऊन ये," म्हणाले. "आणि बारक्या, आता जर उजवीकडे मारलास तर पुन्हा ह्या दारात येऊ नकोस."

गल सकाळी पाडली होती तिथेच होती, आणि उद्या सोमवारच होता. लोक क्लबात मेजवानीला गेलेले. उन्हं उतरली होती, पण झेंडा स्पष्ट दिसत होता. आम्ही दोघी जावा पायरीवर उभ्या राहून पाहत होतो. एकाच पटरने आळीपाळीने खेळत होते. भावजी डावीकडे मारत होते, आणि चेंडूमागून चेंडू आत जात होता. ह्यांचा कधी जायचा, कधी कडेला लागून राहायचा. ह्यांचे खांदे मी मागून पाहत होते. आधी ताठ होते. मग एकदा ह्यांचा चेंडू गलीच्या अगदी तोंडाशी अडला आणि भावजी "अरेरे!" म्हणाले, तेव्हा ह्यांनी त्यांना दोन सणसणीत शिव्या हासडल्या. त्यानंतर ते खांदे सैल झाले. हे हरले. चांगले सपाटून हरले. हरल्यावरही पटर जमिनीवर आपटला नाही, कारण गवत ह्यांचंच होतं.

परत आले ते दोघं बरोबर. "वाढ गं," हे म्हणाले. "कडकडून भूक लागलीये."

आणि जेवले! मागून मागून घेतलं. आमच्या घरात हरलेला माणूस असा जेवताना मी पहिल्यांदा पाहिला. मधेच भावजींना म्हणाले, "ते तिसऱ्या स्पर्धेचं शेवटचं काय झालं रे? मी पाहिलंच नाही." आणि भावजी चमच्याने टेबलावर उतार काढून दाखवायला लागले.

मी माझं ताट घेऊन बसले होते. घास उचलला आणि एकदम मला तो शेडपाशी घालवलेला सोमवार आठवला. उलटं खोकं, वडिलांचा चहा, डावामागून डाव मारणारा थोरला. मोठा झाल्यावर सवय झाली होती. म्हणजे त्या दिवशीसुद्धा. मी जिंकणारा पाहून निवडला होता, आणि जिंकणारा कोण ते भावजींनी ठरवलं होतं, कारण त्यांना घरी जाऊन निवांत जेवायचं होतं! हरून हसतो म्हणून ज्याला मी नको म्हटलं, तो हरतच नव्हता. समोर जाऊ बसली होती, तिने तो राखाडी कोट काढून आमच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. बाही माझ्या कोपराला लागत होती. ह्यांची पोटदुखी त्या हिरवळीवर संपली असेल, माझी कुठे जाणार? उलट आता ती नुसत्या कोटापुरती राहिली नव्हती. घास माझ्या हातातच राहिला. तो मी ताटात ठेवला आणि ताट सारलं.

"वहिनी, तुम्ही जेवत नाही?" भावजींनी विचारलं.

"मला भूक नाही."

भावजींनी चमचा खाली ठेवला.

सकाळपासून खेळलेला माणूस, ताट अजून अर्धं भरलेलं, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. हे बोलता बोलता थांबले, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जाऊही थांबली. भात गार होत होता. असा संताप आला मला त्या माणसाचा, की उठून त्यांचे दोन्ही चषक खिडकीतून भिरकावून द्यावेत, स्क्रूसकट.

मी ताट पुढे ओढलं आणि घास घेतला. मग भावजींनी चमचा उचलला.